उथळ गोदावरीसाठी जेट बोट: हल (बोटीचं धड) आणि इंजिन ठरवतानाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

सायखेड्याला (नाशिक जिल्हा, गोदावरीकाठी) मेहुण्याच्या मळ्यावर. बांबूला दर दहा सेंटीमीटरवर इन्सुलेशन टेप गुंडाळून नदीत उतरलो आणि गावाच्या वरच्या अंगाला पात्र मोजत गेलो. काठाजवळ गुडघाभर, पुढे एकदम छातीपर्यंत डोह, आणि डोह संपला की काळ्या खडकाची पाठ वर आलेली. तिथं बांबूवरची दुसरी टेपसुद्धा पाण्याबाहेर. वर गंगापूर धरणातून आवर्तन सुटलं की याच खडकावरून कंबरभर पाणी वाहतं. खाली चांदोरीच्या बाजूला नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा लागतो. तिथं पाणी भरपूर, पण तळाशी गाळ आणि वर पाणवेलींची गादी. शिवाय चांदोरीच्या पात्रात जुनी हेमाडपंती देवळं आहेत, पाणी उतरलं की दिसतात, चढलं की नाही.

म्हणजे एकाच नदीच्या काही मैलांत तीन नद्या आहेत, आणि बोट एकच बांधायची आहे.

काय हवं ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाच्या बोलण्यात वाहवत जायला नको. चार माणसं आणि सामान नेहमी. पुरात सहा ते आठ. उभी असताना वीस सेंटीमीटर पाण्यात तरंगली पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉलीवरून जाईल एवढं वजन. दुरुस्ती नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींच्या बाहेर न जाता व्हावी.

११ नोव्हेंबर

जेटच का, म्हणजे बाहेर पंखा नसलेली, पंपाने मागे पाण्याचा झोत सोडून चालणारी बोटच का, हा प्रश्न मेहुण्याने विचारला आणि उत्तरही त्यानेच दिलं. ऑगस्ट २०१९च्या पुरात पाणी बागांमध्ये शिरलं तेव्हा द्राक्षांचे मांडव पाण्याखाली होते. लोखंडी अँगल, वरून तारा, सगळं दोन-तीन फूट खाली आणि वर नुसतं सपाट गढूळ पाणी. "दाजी, पंखा त्या तारेत गेला म्हणजे संपलं. ना पुढं, ना मागं." रबरी बोटीला ओबीएम (मागे बाहेरून टांगायचं आउटबोर्ड इंजिन) लावून अशा ठिकाणी उतरायचं म्हणजे पंख्याचा पाय तळाच्या खाली लोंबकळत असतो, आणि रबराला अँगलच्या टोकाची भीती वेगळीच.

लाँग टेल मोटरचा विचार झाला. स्वस्त, सोपी, चिखलातही चालते. पण लांब दांडा, उघडा पंखा आणि पाण्यात माणसं, हे मला पटत नाही. लाँग टेल बाद.

ओबीएमला खालचा पाय काढून जेट पंप बसवतात, तोही पर्याय पाहिला. त्यात साधारण तीस टक्के ताकद जाते. चाळीसचं इंजिन हातात अठ्ठावीस-तीसच देतं. आठ माणसं भरली की ते पुरणार नाही. तरी कुणी दोन-तीन माणसांपुरती हलकी बोट करत असेल तर मी त्याला आधी हेच सांगेन, कारण बिघडलं तर उचलून दुकानात नेता येतं.

१६ नोव्हेंबर

आज काम काही नाही, वाचन. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनला दगडगोट्यांच्या उथळ नद्यांतून उलट्या प्रवाहात जायचं होतं. त्याने १९५०च्या दशकात आधी पाण्याचा झोत बोटीच्या खालून, पाण्यातच सोडून पाहिला. वेग मिळाला ताशी ११ किलोमीटर. तोच झोत पाण्याच्या रेषेच्या जरा वर, हवेत सोडला आणि वेग २७ वर गेला. खाली काहीच लोंबकळायला उरलं नाही, हा वर फायदा.

आपल्याकडची आठवण म्हणजे १९७७. एडमंड हिलरी अशाच तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून निघाले आणि गंगेच्या उलट्या प्रवाहात वर चढत नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोचले. काकांना (शेजारचे, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त) हे सांगितलं तर म्हणाले, "त्यांना पाणवेली नव्हत्या." बरोबर आहे.

२३ नोव्हेंबर

आजचा दिवस वजनाचा. आतापर्यंत ज्याच्या त्याच्याशी बोललो तो पहिला प्रश्न विचारतो: किती एचपी? मला वाटतं पहिला प्रश्न किती किलो हा हवा.

बोटीची पाण्यातली लांबी ४.२ मीटर आणि तळाची रुंदी १.५ मीटर धरली. पुढचं टोक निमुळतं म्हणून पंधरा टक्के वजा. एकूण भार ८०० किलो, चार माणसांसकट. मग तळाच्या व्हीचा कोन (मधल्या धारेपासून तळ बाजूंना किती वर चढतो तो) बदलत गेलो आणि उभ्या बोटीला किती पाणी लागेल ते काढलं. अगदी सपाट तळ: १५ सेंमी. ६ अंश: १९. १० अंश: साधारण २२. १२ अंश: २३. समुद्रातल्या बोटींसारखा २० अंश घेतला तर २९, म्हणजे आपल्या खडकावर ती बसलीच.

आकड्यांवरून कुणीही म्हणेल सपाटच घ्या. पण जेटला सपाट तळ दोन कारणांनी चालत नाही. बोट वेगात आली की पुढून तळाखाली हवा शिरते. व्ही असेल तर तो फेस दोन्ही बाजूंना फेकला जातो, सपाट असेल तर फेस सरळ मागे पंपाच्या तोंडात जातो. पंपाला हवा मिळाली की इंजिन किंचाळतं आणि बोट जागेवर राहते. दुसरं कारण वळणाचं. जेट बोटीला पाण्यात सुकाणू नसतं, झोत वळवून ती वळते. तळाला धार नसेल तर तोंड वळतं पण बोट बाजूला घसरत जुन्याच दिशेने जाते. खडकाळ पात्रात हे परवडणार नाही.

म्हणून १० अंश, आणि मधोमध २५ सेंटीमीटर रुंद सपाट पट्टी, पंपाचं तोंड त्या पट्टीत तळाशी समतल. धार कापली गेल्यामुळे पाणी परत वीस सेंटीमीटरवर येतं. वेगात असताना तळ पाण्यावर चढतो आणि मग वीतभर पाणीही पुरतं, पण त्या आकड्यावर विसंबायचं नाही. वेग गेला की बोट खाली बसते, आणि बसते ती नेमकी जिथं पाणी कमी तिथंच.

तळाला लांबीच्या दिशेने पट्ट्या (स्ट्रेक) लावायच्या तर त्या पंपाच्या तोंडाच्या सरळ पुढे येता कामा नयेत, नाहीतर त्या फेस तिकडेच नेतात. बाहेरच्या दोन ठेवल्या, आतल्या काढल्या.

या हिशोबातून एक फार उपयोगी गोष्ट हाती लागली. या बोटीवर दर ५४ किलोला एक सेंटीमीटर पाणी जास्त लागतं. म्हणजे एक माणूस, एक सेंटीमीटर. आता कुठलीही वस्तू बोटीत घालायची म्हटली की मी किलो विचारतो आणि मनात सेंटीमीटर मोजतो.

३० नोव्हेंबर

पत्रा.

आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचं म्हणणं एमएसमध्ये (माइल्ड स्टील, साधं लोखंड) बनव. स्वस्त, पत्रा कधीही मिळतो, वेल्डर कोणताही चालतो. तळाला ३ मिमी एमएस म्हणजे चौरस मीटरला साडेतेवीस किलो. ५ मिमी ॲल्युमिनियम म्हणजे सव्वातेरा. पूर्ण हलचा हिशोब केला तर एमएसची सुमारे ३९० किलो, ॲल्युमिनियमची २२०. फरक १७० किलो, म्हणजे तीन सेंटीमीटर, म्हणजे तीन माणसं काठावर ठेवून जायचं. एमएस बाद.

फायबर हलकं होतं, पण खडकावर घासलं की वरचा थर जातो, आतल्या काचेच्या धाग्यात पाणी मुरतं. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, आणि पोचा हातोडीने काढता येतो.

कोणतं ॲल्युमिनियम, यावर काकांशी दोन तास. काकांची अख्खी नोकरी विमानाच्या पत्र्यावर गेली, त्यामुळे त्यांचा कल रिव्हेटकडे. विमानाचा ड्युराल्युमिन वेल्डिंगला योग्य नाही आणि पाण्यात लवकर खातो, हे त्यांनीच सांगितलं. बाजारात सहज मिळतो तो एचई-३०. मजबूत दिसतो, पण त्याची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डच्या उष्णतेने ती शेजारच्या पत्र्यातून जाते. मला हवा होता ५०८३, जुने लोक त्याला एन-८ म्हणतात. त्यात मॅग्नेशियम साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि तो वेल्डनंतरही बराच टिकतो.

बोलून मिटेना म्हणून करून पाहिलं. दोन्ही पत्र्यांचे पाच सेंटीमीटर रुंद तुकडे जोडून घेतले, दोन्हीला ५३५६ची वेल्डिंगची तार, वेल्डर तोच, मशीन तेच. गार झाल्यावर काकांनी एचई-३०चा तुकडा बाकावरच्या व्हाइसमध्ये धरला, वेल्डची रेघ जबड्याच्या जरा वर ठेवली आणि लाकडी हातोड्याने वाकवायला सुरुवात केली. पहिल्या दोन ठोक्यांत काही नाही. मग वेल्डला अजिबात धक्का न लागता, वेल्डच्या कडेपासून नखाएवढ्या अंतरावर, पत्र्यात बारीक राखाडी रेघ उमटली, आणि पुढच्या ठोक्याला तुकडा तिथून सुटला. वेल्ड अख्खा, शेजारचा पत्रा गेला. ५०८३चा तुकडा त्याच हातोड्याने जवळजवळ काटकोनात वाकला, बाहेरच्या बाजूला नुसती सुरकुती आली. काकांनी तो हातात फिरवून पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ठीक आहे. पण रिव्हेट मला दाखव म्हणालास तर दाखवीन."

तळ ५ मिमी, बाजू ३ मिमी, दोन्ही ५०८३. तळाच्या पट्टीवर बाहेरून जाड पॉलिएथिलीनचा पत्रा, यूएचएमडब्ल्यू. खडकावर तो घसरतो, आणि झिजला की बदलायचा.

७ डिसेंबर

पत्र्याचं कोटेशन आलं. पूर्ण शीटच घ्यावी लागते, कापून देत नाहीत. उरलेल्यातून सीटचे खोके होतील.

१४ डिसेंबर

इंजिन. नाशिकमध्ये इंजिनाचा विषय काढला की बोलेरो येणारच. सातपूरला महिंद्राचा कारखाना, घरटी एक माणूस तिथं कामाला होता किंवा आहे. अंबडच्या टपरीवर चहा घेताना एकमत असं की अडीच लिटरचं डिझेल टाका, खालच्या आरपीएमला टॉर्क बघा काय आहे.

टॉर्क आहेच. पण जेट पंपाला तो नको आहे, आणि हे समजावताना माझी दमछाक होते. गाडीला चढावर, पहिल्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर ओढ लागते. पंपाचं तसं नाही. पंपाला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाने वाढतो आणि ताकद घनाने. आरपीएम अर्धा केला तर ताकद लागते आठवा हिस्सा. कमी आरपीएमवर पंप जवळजवळ रिकामाच फिरतो. डिझेलचा तो सगळा टॉर्क तिथं बसून राहतो आणि त्याचं बिडाचं वजन मात्र बोटीच्या बुडाशी कायम. जुन्या २५२३ सीसीच्या बोलेरोचे ६३ एचपी, आणि ते इंजिन हलवायला चार माणसं.

दुसऱ्या बाजूला जिप्सीचं १.३ लिटर पेट्रोल: ८० एचपी, ६००० आरपीएमला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा. गिअरबॉक्सशिवाय दोघांनी उचलता येतं. इंजिन उभं, म्हणजे लांबीच्या दिशेने बसणारं, त्यामुळे फ्लायव्हील थेट मागे पंपाकडे तोंड करून. सुटे भाग पंचवटीत मिळतात.

८० पुरतील का? ८०० किलोची बोट पाण्यातून उठून वर यायला ताशी वीस किलोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त झगडते. त्या वेळी ओढ भाराच्या पंधरा टक्के धरली, म्हणजे १२० किलो. जेटची त्या वेगातली कार्यक्षमता वाईट असते, तिसरा हिस्सा धरली. इंजिनाकडून सव्वीस-सत्तावीस एचपी लागतात. वर आल्यावर ताशी ३५ला अंदाजे पस्तीस. आठ माणसं भरून अकराशे किलो केलं तरी पन्नासच्या आत. शिल्लक आहे, पण उधळण्याइतकी नाही. मला तेवढीच हवी आहे. दीडशे एचपीची बोट गावातल्या पोरांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही.

पेट्रोलचा एक धोका डिझेलला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि गाडीच्या स्टार्टरला ठिणगी झाकायची सोय नसते. इंजिनाच्या खोक्याला एक्झॉस्ट ब्लोअर बसवणार, आणि स्टार्टरची वायर ब्लोअरच्या स्विचमधून टायमरवर घेणार. ब्लोअर चालल्याशिवाय सेल्फ लागणारच नाही.

४ जानेवारी २०२६

पंप मिळाला. कोकणातून आलेली एक वॉटर स्कूटर, इंजिन गेलेलं, पंप आणि शाफ्ट चांगल्या स्थितीत. मूळ इंजिन १५५ एचपीचं, साधारण ७३०० आरपीएमवर. मित्राचं म्हणणं, एवढ्या मोठ्या पंपाला जिप्सी फिरवणार कशी?

त्याच घनाच्या नियमाने फिरवते. ५७०० आरपीएमला हाच पंप १५५च्या जागी सुमारे ७४ एचपी खातो, आणि जिप्सी तिथं जवळजवळ तेवढेच देते. इंजिनाची रेघ आणि पंपाची रेघ कागदावर ५७००च्या आसपास एकमेकींना छेदतात. इंपेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) बदलायला नको, मध्ये गिअरबॉक्स नको. फिरण्याची दिशा तपासली: मागून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, इंपेलरची पातीही त्याच दिशेची. हे जुळलं नसतं तर उलट्या पात्यांचा इंपेलर शोधत बसावं लागलं असतं.

बोटीला पुढे ढकलणारा जोर पंपाच्या आतल्या बेअरिंगवर येतो, तो क्रँकशाफ्टवर येता कामा नये. म्हणून मधल्या शाफ्टला खाचांचा (स्प्लाइन) सरकता सांधा आणि रबरी कपलिंग. हे काम आमच्याच लेथवर.

इंपेलरच्या भोवतीची रिंग प्लास्टिकची आहे. पातं आणि रिंग यांत फट अगदी बारीक हवी, ती वाढली की ओढ जाते. पुराच्या पाण्यातली काळी माती ही रिंग खाणार. दोन जादा घेऊन ठेवतो.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नदी पाहायला गेलो. पात्रात पतंग, मांजाची गुंडाळी, निर्माल्याच्या पिशव्या, कापडाची चिंधी, आणि फुगवट्याच्या टोकाला पाणवेली. काठाच्या फडातली उसाची पाचटही पुरात इथंच येते. तारेपासून जेट वाचवतं हे खरं, पण पंखा ज्याला कापून जातो ते जेटच्या तोंडात अडकतं.

तोंडावर जाळी लागतेच. सळ्या जवळ-जवळ घेतल्या तर पाचट अडेल पण पाणीही अडेल. लांब घेतल्या तर खडी आत जाईल. स्टेनलेसच्या सळ्या, पाण्याच्या दिशेने, मागचं टोक मोकळं, म्हणजे अडकलेलं मागे सरकून निघून जाऊ शकेल. त्यावर वरून ओढायचा दांताळ्यासारखा रेक, त्याचा दांडा चालकाच्या हाताशी. आणि तोंडाच्या वर हातभर झाकण, बोल्टऐवजी खिट्टीचं, आणि त्याचा काठ पाण्याच्या रेषेच्या वर, म्हणजे पाण्यात उभं न राहता वरून हात घालून चिंधी काढता येईल. आधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात, हे झाकणावरच कोरून घेणार.

इंजिन थंड ठेवायला नदीचं पाणी आत फिरवायचं नाही. तळाच्या आतून ॲल्युमिनियमचा चॅनल वेल्ड करून त्यात कूलंट फिरवायचं. तळाचा पत्राच रेडिएटर. नदीचं पाणी फक्त सायलेन्सरच्या जॅकेटला, ते तुंबलं तर पाइप काढून फुंकता येतो.

चालवण्याचे नियम मेहुण्याला लिहून दिले. मांडीभर पाणी असल्याशिवाय स्टार्ट नाही, कारण उभ्या बोटीत थ्रॉटल दिला की पंप तळाची खडी वर ओढतो. आणि समोर खडक दिसला की थ्रॉटल सोडायचा नाही. झोत बंद म्हणजे वळणं बंद. बोट सरळ खडकाकडेच जाते. मेहुणा म्हणाला, "म्हणजे भीती वाटली की जोरात दाबायचं?" दाबून वळवायचं. पोरांना हेच आधी मोकळ्या पाण्यात शिकवावं लागेल.

पाणवेलींच्या गादीत ही बोट घालायची नाही हे मी आता पक्कं केलं आहे. तिथं वल्हं. त्यापुढे नांदूर मध्यमेश्वरचं अभयारण्य, २०२०पासून रामसर स्थळ. तिकडे इंजिन नेण्याचा विषयच नाही.

२५ जानेवारी

शेडमध्ये जमिनीवर खडूने बोट पूर्ण मापात काढली, त्यात खरं इंजिन, खरा पंप, पेट्रोलच्या टाकीऐवजी चाळीस लिटरचा कॅन आणि माणसांच्या जागी सिमेंटच्या पोती ठेवल्या. भाराचा मध्य मागच्या पाटीपासून लांबीच्या चाळीस टक्क्यांच्या आत यायला हवा. तो जास्त मागे गेला तर बोट वेगात नाक वर-खाली आपटत राहते, पुढे गेला तर नाक पाण्यात रुतून वळताना झटका देते आणि पंपाला हवा जाते. आपला आला ३६ टक्क्यांवर, चार माणसांसकट. एकटा चालक असताना ३१. त्यासाठी बॅटरी आणि टाकी पुढे सरकवली; आता ३४.

नोंदणीचे कागद सुरू केले. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे यांत्रिक बोटीला नोंदणी लागते, आणि हलचं ड्रॉइंग आधी मागतात, म्हणून ते आता स्वच्छ काढून घेतो.

पत्र्याला ॲडव्हान्स दिला. ५ मिमीच्या शीट पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत प्लायवूडचे साचे कापायचे, जिप्सीचा हेड उघडून पाहायचा, आणि रेकचा दांडा डावीकडे की उजवीकडे हे ठरवायचं. मेहुणा डावरा आहे, पोरं उजवी.